विश्लेषण : कर्णधार गेला, तेव्हा चार सामने उरले होते… टोरिनोचा व्हॅलेंटिनो मॅझोला कोण होता?

दरवर्षी ४ मे रोजी टोरिनो फुटबॉल क्लबचा कर्णधार तुरीन शहरालगतच्या सुपर्गा टेकडीवर जातो आणि तेथील बॅसिलिकाच्या मागे उभा राहून काही नावे मोठ्याने वाचतो. १९४९ मध्ये याच ठिकाणी विमान आदळून टोरिनोचा जवळपास संपूर्ण संघ मृत्युमुखी पडला. त्यात कर्णधार व्हॅलेंटिनो मॅझोला होता. त्या वेळी टोरिनो सेरी-एमध्ये आघाडीवर होता, पण हंगामातील चार सामने बाकी होते. त्या वर्षीचे विजेतेपद टोरिनोच्या नावावर आहे. ते सहानुभूतीपोटी मिळाले, असे अनेकदा म्हटले जाते. गुणतालिका मात्र वेगळेच सांगते.

३० एप्रिल १९४९ : शनिवारी काय झाले?

सेरी-एचे सामने तेव्हा रविवारी होत. इंटर आणि टोरिनो यांची मिलानमधील लढत मात्र शनिवारी, ३० एप्रिलला घेण्यात आली, कारण टोरिनोला त्यानंतर लिस्बनला जायचे होते. बेन्फिका क्लबचा कर्णधार फ्रान्सिस्को फेरेरा याचा गौरव सामना तिथे ठरला होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत जिनोव्हा येथे झालेल्या इटली-पोर्तुगाल सामन्यात मॅझोला आणि फेरेरा यांची ओळख झाली होती आणि त्या ओळखीतूनच हे निमंत्रण आले. जेतेपदाची शर्यत रंगात असताना संघाने दीड हजार किलोमीटरवर मैत्रीपूर्ण सामना खेळायला जावे का, हा प्रश्न क्लबचे अध्यक्ष फेरुच्चिओ नोव्हो यांच्यासमोर होताच. पण इंटरविरुद्ध ०-० अशी बरोबरी झाली. दुसऱ्या क्रमांकावरील इंटर चार गुणांनी मागेच राहिला आणि लिस्बनचा मार्ग मोकळा झाला.

त्या काळी विजयाला दोनच गुण मिळत. त्यामुळे चार सामन्यांत चार गुणांची आघाडी ही आजच्या हिशेबापेक्षा मोठी होती. तरीही ती पुरेशी नव्हती. टोरिनोचे ५२ गुण होते, इंटरचे ४८. इंटरने उरलेले चारही सामने जिंकले असते तर ते ५६ गुणांपर्यंत पोहोचले असते. म्हणजे त्या शनिवारी टोरिनो विजेता ठरलेला नव्हता.

गिरणीतून मैदानात…

मॅझोलाचा जन्म २६ जानेवारी १९१९ रोजी मिलानजवळच्या कासानो द’अड्डा या गावात झाला. घर कामगाराचे. जागतिक मंदीत वडिलांची नोकरी गेली, पुढे वडीलही गेले. प्राथमिक शाळा संपताच पोराला कामाला लागावे लागले. आधी बेकरीत, नंतर गावातल्या तागाच्या गिरणीत. रस्त्यावर दिसेल तो पत्र्याचा डबा लाथाडत चालायचा, म्हणून गावात त्याचे नाव ‘तुलेन’ पडले होते. दहा वर्षांचा असताना त्याने अड्डा नदीत बुडणाऱ्या एका लहान मुलाला बाहेर काढल्याची गोष्ट इटलीत आजही सांगितली जाते. तो मुलगा म्हणजे आंद्रेआ बोनोमी, पुढे एसी मिलानचा कर्णधार झाला.

फुटबॉलमुळे त्याला मिलानच्या अल्फा रोमिओ मोटार कारखान्यात काम मिळाले. कारखान्याचा स्वतःचा संघ होता. युद्ध सुरू झाले, नौदलातील सक्तीच्या सेवेसाठी तो व्हेनिसला गेला आणि तिथल्या व्हेनेझिया क्लबच्या नजरेत भरला. तिथे त्याला एझिओ लोइक भेटला. लोइक फिउमे शहरातला, मॅझोलाहून काही महिन्यांनी लहान. या दोघांच्या जोरावर व्हेनेझियाने १९४१ मध्ये इटालियन चषक जिंकला. त्या क्लबला त्यानंतर आजवर तो चषक जिंकता आलेला नाही.

बारा लाख लिरांचा सौदा

१९४२ मध्ये टोरिनोला व्हेनिसमध्ये पराभव पत्करावा लागला आणि त्यांचे विजेतेपद हुकले. अध्यक्ष नोव्हो यांनी त्यावर काढलेला तोडगा साधा होता. ज्यांनी हरवले, त्यांनाच विकत घ्यायचे. मॅझोला आणि लोइक या दोघांसाठी टोरिनोने १२ लाख लिरा आणि वर दोन खेळाडू मोजले. युद्धाच्या काळात ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. शेजारच्या युव्हेंटसलाही ही जोडी हवी होती, पण नोव्हो यांनी आधीच डाव साधला. पुढच्याच हंगामात टोरिनोने लीग आणि चषक अशी दोन्ही जेतेपदे पटकावली. एकाच हंगामात ही दुहेरी कामगिरी करणारा तो इटलीतील पहिला क्लब.

नोव्हो यांनी एवढ्यावरच थांबायचे नाही असे ठरवले होते. इटलीतले बहुतेक संघ तेव्हा जुन्या पद्धतीने, दोन बचावपटूंना मागे ठेवून खेळत. टोरिनोने इंग्लंडमधली तीन बचावपटूंची ‘डब्ल्यूएम’ रचना स्वीकारली. यामागे हंगेरीचे प्रशिक्षक एर्नो एर्बश्टाइन यांचा मोठा हात होता. ते ज्यू होते. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे त्यांना इटली सोडावी लागली. हंगेरीतल्या श्रमछावणीतून निसटून ते युद्धानंतर पुन्हा टोरिनोत आले. सुपर्गाच्या मृतांमध्ये त्यांचेही नाव आहे.

या रचनेत मॅझोला डाव्या बाजूचा ‘इनसाइड फॉरवर्ड’ होता, म्हणजे आजच्या भाषेत १० क्रमांकाचा खेळाडू. पण त्याचे वैशिष्ट्य असे की तो त्या जागेवर सापडायचाच नाही. स्वतःच्या गोलसमोर चेंडू अडवायचा, मधल्या फळीत पास द्यायचा आणि हल्ला संपवायला पुन्हा समोर हजर असायचा. उंची बेताची, तरी हेडर मारण्यात तरबेज. आजच्या ‘बॉक्स टू बॉक्स’ खेळाडूचे वर्णन ऐकले की इटलीतल्या जुन्या फुटबॉल लेखकांना हाच आठवतो, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

युद्धाने किती वर्षे खाल्ली?

१९४३ नंतर इटलीचे दोन तुकडे झाले आणि उत्तर भाग जर्मनांच्या ताब्यात गेला. सक्तीची भरती आणि जर्मनीला पाठवणी टाळण्यासाठी नोव्हो यांनी आपल्या खेळाडूंची नावे फियाट कारखान्याच्या पटावर चढवली. संघाचे नावही ‘टोरिनो फियाट’ झाले. १९४४ च्या युद्धकालीन स्पर्धेत हा संघ ला स्पेझियाच्या अग्निशमन दलाच्या संघाकडून २-१ असा हरला. इटालियन महासंघाने त्या विजयाची मानद दखल २००२ मध्ये घेतली.

मॅझोलाच्या आंतरराष्ट्रीय कारकीर्दीचा आकडा पाहून नव्या वाचकाला आश्चर्य वाटेल. इटलीकडून केवळ १२ सामने, चार गोल. १९३८ च्या विश्वचषकावेळी तो १९ वर्षांचा होता, १९४२ आणि १९४६ चे विश्वचषक झालेच नाहीत आणि १९५० चा सुरू झाला तेव्हा तो हयात नव्हता. ११ मे १९४७ रोजी तुरीनमध्ये इटलीने हंगेरीला ३-२ असे हरवले. त्या दिवशी इटलीच्या ११ जणांपैकी १० टोरिनोचे होते. प्रशिक्षक व्हित्तोरिओ पोझ्झो यांनी राष्ट्रीय संघाच्या नावाखाली एक क्लबच मैदानात उतरवला, असे म्हणायला हरकत नाही.

बाह्या सरसावल्या की…

फिलाडेल्फिया हे टोरिनोचे घरचे मैदान. लाकडी बाकांचे, प्रेक्षक अगदी मैदानाला चिकटून. जानेवारी १९४३ पासून अपघातापर्यंत या मैदानावर टोरिनो लीगमधला एकही सामना हरला नाही. संघ रेंगाळू लागला की स्टँडमध्ये बसलेला ओरेस्टे बोल्मिडा हा रेल्वे कर्मचारी बिगुल वाजवायचा. तो वाजला की मॅझोला शर्टाच्या बाह्या वर सरसावायचा आणि पुढची १५ मिनिटे प्रतिस्पर्ध्याची धडगत नसे. ही निव्वळ दंतकथा नव्हे. मे १९४८ मध्ये लाझिओविरुद्ध ०-३ असा पिछाडीवर पडलेला टोरिनो ४-३ असा जिंकला, त्याच महिन्यात अलेस्सांड्रियाला त्यांनी १०-० असे हरवले आणि त्या एका हंगामात १२५ गोल केले. १९४६-४७ मध्ये मॅझोलाने एकट्याने २९ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला होता.

मैदानाबाहेर तो अबोल आणि हिशेबी होता. गिरणीत काम केलेल्याला आपल्या घामाचे मोल कळते. इतरांपेक्षा अधिक मानधन त्याने मागितले आणि मिळवले, त्याला सहकाऱ्यांनी हरकत घेतली नाही, असे सांगतात. अखेरच्या काळात तो इंटरकडे जाणार, अशी चर्चा होती. खेळाडूने स्वतःची किंमत स्वतः ठरवणे हे तेव्हा फार सभ्य मानले जात नसे.

घरात मात्र सगळे मोडले होते. पत्नी एमिलियापासून त्याला दोन मुलगे झाले, सँड्रो आणि फेरुच्चिओ. धाकट्याचे नाव क्लबच्या अध्यक्षांचेच. लग्न टिकले नाही. इटलीत घटस्फोटाचा कायदा १९७० मध्ये आला. त्याआधी ज्याला जमेल त्याने परदेशी न्यायालय गाठायचे, हाच मार्ग होता. मॅझोलाने तोच धरला आणि मृत्यूच्या जेमतेम काही दिवस आधी ज्युसेप्पिना कुत्रोने हिच्याशी दुसरे लग्न केले. मुलांच्या ताब्यावरून वाद होता. थोरला सँड्रो वडिलांकडे राहायचा आणि सामन्याआधी छोटा टोरिनोचा पोशाख घालून त्यांच्यासोबत मैदानात धावायचा. नवी पत्नी, आधीची पत्नी आणि दोन लहान मुले यांच्यातले तिढे मॅझोलाच्या मृत्यूने सुटले नाहीत, उलट वाढले.

४ मे १९४९

लिस्बनमधला सामना ३ मे रोजी झाला. बेन्फिका ४-३ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी परतीचे तीन इंजिनांचे फियाट विमान बार्सिलोनात थांबून तुरीनकडे निघाले. तुरीनवर ढग खाली उतरले होते, पाऊस होता, समोरचे दिसत नव्हते. संध्याकाळी पाचच्या सुमारास विमान सुपर्गा बॅसिलिकाच्या मागील भिंतीवर आदळले. दाट ढग, तोकडे रेडिओ मार्गदर्शन आणि त्यातून झालेली दिशेची चूक, असा निष्कर्ष निघाला. विमानातील सर्व ३१ जण ठार झाले. त्यात १८ खेळाडू, प्रशिक्षक, पदाधिकारी, विमान कर्मचारी आणि तीन पत्रकार होते. ‘तुत्तोस्पोर्ट’ या क्रीडा दैनिकाचे संस्थापक रेनातो कासाल्बोरे त्यांपैकी एक. ओळख पटवण्याचे काम पोझ्झो यांनी केले. ज्यांना त्यांनी राष्ट्रीय संघात निवडले होते, त्यांचीच ती शरीरे होती. आजारपणामुळे अध्यक्ष नोव्हो, तर गुडघ्याच्या दुखापतीमुळे बचावपटू साउरो तोमा या दौऱ्यावर गेले नव्हते.

६ मे रोजी तुरीनच्या रस्त्यांवर लाखो लोक अंत्ययात्रेला आले. इटालियन महासंघाचे अध्यक्ष ओत्तोरिनो बारास्सी यांनी टोरिनोला विजेता म्हणून जाहीर केले.

मग उरलेले सामने कोण खेळले?

इथे पुन्हा गुणांकडे यावे लागते. विजेता जाहीर झाला तरी सामने रद्द झाले नाहीत. टोरिनोने आपला युवा संघ मैदानात उतरवला. १५ मे च्या रविवारी पहिला सामना जिनोआविरुद्ध झाला. मग पालेर्मो, सांपदोरिया आणि शेवटी फिओरेंटिना. या चारही प्रतिस्पर्ध्यांनी आपापले मुख्य खेळाडू बाजूला ठेवून स्वतःची मुलेच खेळवली. टोरिनोच्या मुलांनी चारही सामने जिंकले.

हंगामाअखेरीस टोरिनोचे ६० गुण झाले, इंटरचे ५५. आता वजाबाकी करून पाहा. ३० एप्रिलच्या ५२ गुणांवरच टोरिनो थांबला असता, तर इंटर तीन गुणांनी पुढे गेला असता. प्रतिस्पर्धी संघांनीही मुलेच उतरवली हे खरे, त्यामुळे त्या आठ गुणांना नेहमीच्या तराजूत तोलता येणार नाही. पण गुणतालिकेत लिहिलेले विजेतेपद ज्या गुणांवर उभे आहे, त्यातले शेवटचे आठ त्या पोरांनी मिळवलेले आहेत. कर्णधार म्हणून मॅझोलाची छायाचित्रे जागोजागी लागली. त्या चार सामन्यांत खेळलेल्यांची नावे फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

पुढे काय?

विश्वचषक राखण्यासाठी १९५० मध्ये इटलीचा संघ ब्राझीलला विमानाऐवजी बोटीने गेला आणि पहिल्याच सामन्यात स्वीडनकडून हरून गटातच बाद झाला. टोरिनोची १९५९ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. पुढचे विजेतेपद यायला १९७६ उजाडले. फिलाडेल्फिया अनेक वर्षे मोडकळीस पडून होते, ते अलीकडे पुन्हा बांधले गेले.

सहा वर्षांचा सँड्रो आईकडे कासानोला परतला. इंटरचा आघाडीपटू बेनितो लोरेन्झी मॅझोलाचा मित्र होता. त्याने दोन्ही भावंडांना इंटरकडे आणले. वडील ज्या क्लबमध्ये जाणार अशी चर्चा होती, त्याच क्लबसाठी सँड्रो आयुष्यभर खेळला. १९६४ च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने रेआल माद्रिदविरुद्ध दोन गोल केले. समोर हंगेरीचा फेरेन्क पुश्काश होता, १९४७ चा तो तुरीनमधला सामना खेळलेला. सामना संपल्यावर पुश्काश सँड्रोकडे आला, मी तुझ्या वडिलांविरुद्ध खेळलो आहे असे त्याने सांगितले आणि आपला शर्ट काढून त्याच्या हातात दिला.