हीणकस नाणे आणि खणखणीत माणूस

स्वित्झर्लंड म्हटले की बर्फाची शिखरे आणि घड्याळे डोळ्यांपुढे येतात. परंतु याच देशात एका हीणकस नाण्यावरून पेटलेल्या लढ्यात एका शेतकऱ्याला शिर द्यावे लागले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. निक्लाउस लॉयेनबर्गर हे त्याचे नाव.

त्याचा जन्म १६१५ साली बर्न राज्यातील एमेन्टाल खोऱ्यात, रूडर्सविल येथे झाला. तो खाऊनपिऊन सुखी होता. शेजारच्या जर्मनीत तीस वर्षांचे युद्ध चालले होते तोवर स्विस धान्याला चांगला भाव मिळे. १६४८ साली युद्ध संपले, भाव कोसळले; कर्जे मात्र डोक्यावर राहिली.

त्या काळी रोजच्या व्यवहारात बात्झेन हे नाणे चाले. पंधरा बात्झेनचा एक गुल्डेन होई. राज्यकर्ते चांदी कमी करून तांब्याचे हीण वाढवीत गेले. डिसेंबर १६५२ मध्ये बर्न सरकारने आपल्या बात्झेनची किंमत एकदम निम्म्यावर आणली. जुन्या भावाने नाणी बदलून घेण्यास मुदत किती? अवघी तीन दिवसांची! ज्याच्यापाशी सोने होते तो तरला. ज्याच्या कनवटीला बात्झेन होते तो बुडाला.

प्रथम ल्यूसर्न राज्यातील एन्टलेबुखचे शेतकरी उठले. मग २३ एप्रिल १६५३ रोजी सुमिसवाल्डच्या सभेने लॉयेनबर्गरला प्रमुख निवडले. १४ मे रोजी हुटविल येथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शेतकऱ्यांनी धर्मभेद विसरून एकजुटीचा करार केला. सुमारे १६,००० शेतकऱ्यांनिशी त्याने बर्नला वेढा घातला. तेव्हा सरकार नमले. शेतकऱ्यांनी आपला संघ मोडावा, सरकारने ५०,००० पौंड द्यावेत आणि आर्थिक गाऱ्हाणी दूर करावीत, असे ठरले. लॉयेनबर्गरने वेढा उठवला.

परंतु इतर राज्यांच्या फौजा निघाल्याच होत्या. ३ जूनला वोलेनश्विल येथे झुरिकच्या तोफांपुढे शेतकऱ्यांचे काही चालले नाही. थोड्याच दिवसांत लॉयेनबर्गर पकडला गेला. ६ सप्टेंबर १६५३ रोजी बर्न येथे त्याचा शिरच्छेद झाला. त्याचे मस्तक हुटविलच्या करारपत्रासह वधस्तंभावर ठोकण्यात आले.

१९०३ साली रूडर्सविल येथे त्याचे स्मारक उभे राहिले. नाणे म्हणजे राज्याने प्रजेला दिलेला शब्दच. तो शब्द निम्मा झाला तेव्हा एका शेतकऱ्याने त्याचा जाब विचारला. शेतकऱ्यांच्या घरांतून कॉलेजात आलेल्या आम्हां मुलांना तो परका कसा वाटेल?