तेरेझ द दिलमों

तेरेझ द दिलमों (जर्मन नाव: थेरेझे फॉन डिलमोंट, १० ऑक्टोबर, १८४६ - २२ मे, १८९०) या ऑस्ट्रियात जन्मलेल्या हस्तकला-शिक्षिका, लेखिका आणि व्यावसायिक होत्या. शिवण, रफू, भरतकाम, सुयांवरचे विणकाम, क्रोशे, टॅटिंग, मॅक्रमे, जाळीकाम व लेस या सर्व कामांची पद्धतशीर माहिती देणारा त्यांचा ज्ञानकोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. 'आंसिक्लोपेदी देझ उव्राज द दाम' (स्त्रियांच्या हस्तकामांचा ज्ञानकोश) हे त्याचे फ्रेंच नाव. पुढे तो १७ भाषांत उपलब्ध झाला. घरबसल्या, शिक्षिकेवाचून, केवळ पुस्तक समोर ठेवून हस्तकला शिकण्याची जी रीत आज सर्वपरिचित आहे, ती रुजवण्यात या ग्रंथाचा मोठा वाटा आहे.

जन्म आणि व्हिएन्नातील काळ

दिलमों यांचा जन्म ऑस्ट्रियातील व्हीनर नॉयश्टाट या गावी एका सरदार घराण्यात झाला. हे गाव सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने स्थापन केलेल्या लष्करी अकादमीसाठी ओळखले जाते. नावातील 'फॉन' व त्याचे फ्रेंच रूप 'द' ही उपपदे या घराण्याची निदर्शक होत. पुढील काळात व्यापारी छाप्यावरही त्यांनी हे उपपद कायम ठेवले. ग्राहक स्त्रियांच्या दृष्टीने त्याला निश्चितच वजन असणार.

त्या काळी युरोपातील प्रतिष्ठित घरांतील मुलींना सुईकाम येणे हे शिष्टाचारासारखेच आवश्यक समजले जाई. मात्र त्याच कामावर पोट भरणे हे वेगळे होते. मजुरीने शिवण वा लेस करणाऱ्या स्त्रियांची कमाई तुटपुंजी असे आणि यंत्रावर तयार होणाऱ्या लेसमुळे ती आणखी घटत चालली होती. घराण्याचे नाव असलेल्या पण स्वतः कमावू इच्छिणाऱ्या स्त्रीला सन्मानाने करता येण्याजोगे व्यवसाय फार थोडे होते. शिकवणे हा त्यांतील एक. दिलमों यांनी बहीण फ्रान्झिस्का हिच्यासह भरतकामाची शाळा काढली आणि अनेक वर्षे ती चालवली.

म्यूलूझ आणि डीएमसी

१८८४ साली ही शाळा सोडून दिलमों आल्सास प्रांतातील म्यूलूझ शहरालगतच्या डोर्नाख येथे गेल्या. सूत उत्पादक 'डोल्फुस-मीग आणि कंपनी' (डीएमसी) या पेढीचे प्रमुख जाँ डोल्फुस यांच्याशी झालेला परिचय हे त्यामागचे कारण होते. डोर्नाख येथे त्यांनी पेढीच्या शेजारीच स्वतःची शाळा उभारली.

या पेढीचा इतिहास भारतीय वाचकांना दूरचा वाटू नये. १७४६ साली म्यूलूझमध्ये तिची सुरुवात झाली ती छापील सुती कापडाच्या कारखान्याने. भारतातून युरोपात जाणाऱ्या छिटांनी तेथील बाजारपेठ काबीज केली होती आणि त्यांची नक्कल करण्यासाठीच असे कारखाने निघाले. फ्रेंच भाषेत या कापडाचे नावच मुळी 'आंदिएन', म्हणजे 'भारतीय', असे पडले. १८०० साली दानिएल डोल्फुस यांचा विवाह आन-मारी मीग यांच्याशी झाला व दोन्ही आडनावे जोडून पेढीचे प्रचलित नाव तयार झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिचा भर शिवणाच्या व भरतकामाच्या दोऱ्यांकडे वळला. १८७१ च्या युद्धानंतर आल्सास जर्मन साम्राज्यात गेला. दिलमों तेथे पोहोचल्या तेव्हा म्यूलूझ हे फ्रेंच परंपरा व जर्मन सत्ता असलेले शहर होते. जर्मनभाषक लेखिकेचा ग्रंथ फ्रेंच नावाने विख्यात व्हावा यात या परिस्थितीचाही भाग आहे.

ज्ञानकोश

या ग्रंथापूर्वी हस्तकलेची पुस्तके नव्हती असे नाही. इंग्लंड, फ्रान्स व जर्मनीत नमुन्यांच्या पुस्तिका व स्त्रियांची नियतकालिके चांगलीच खपत. परंतु त्यांतील सूचना बहुधा आधीच काम येणाऱ्या स्त्रीला उद्देशून असत. टाका कसा घालायचा हे आईने, आजीने किंवा शाळेतील बाईंनी हात धरून दाखवलेले असणार असे गृहीतच धरलेले असे. जिला असे कोणी नव्हते तिच्यासाठी त्या सूचना निरुपयोगी होत्या. दिलमों यांनी हेच गृहीतक सोडून दिले. ग्रंथाची सुरुवात त्यांनी सुई, अंगुस्तान व कात्री कशी निवडावी, दोरा सुईत कोणत्या टोकाने ओवावा, हात कसे ठेवावेत इथपासून केली.

ग्रंथातील प्रत्येक नमुना त्यांनी पुन्हा स्वतः करून पाहिला होता आणि केलेल्या कामावरून मजकूर लिहिला होता. चित्रेही त्याच पद्धतीची आहेत. पूर्ण झालेल्या वस्तूचे देखणे चित्र देऊन थांबण्याऐवजी दोरा कोठून वर येतो, कोणत्या फासाखालून जातो, सुई कोणत्या कोनात धरली आहे हे मोठ्या आकारात कोरून दाखवले आहे. सुधारित आवृत्तीत अशा चित्रांची संख्या १,१०० च्या वर गेली. इजिप्त, तुर्कस्तान, बल्गेरिया, चीन अशा देशांतील नक्षीही त्यांनी घेतली. ग्रंथाच्या अनेक आवृत्त्यांवर छपाईचे वर्ष नाही. त्यामुळे जुनी प्रत हाती आली तरी ती नेमकी कोणत्या काळातील हे सांगणे अवघड जाते.

क्रोशाविषयीचे लेखन

मराठीत 'क्रोशा' किंवा 'क्रोशे' म्हणून रूढ झालेला शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ 'लहान आकडा' असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम युरोपातील मध्यमवर्गीय घरांत झपाट्याने पसरले. एक आकडा आणि एक गुंडा एवढेच साहित्य लागते. काम कोठेही थांबवता येते आणि चुकल्यास दोरा ओढून पुन्हा सुरुवात करता येते. मराठी घरांत बाळंतविड्यासाठी टोपडी व दुपटी जमवली जातात, त्याप्रमाणे तेथेही बाळ येणार असलेल्या घरी टोपडी, पायमोजे, अंगरखे व पाळण्यावरील पांघरुणे हातांनी तयार केली जात. अशा लहान, हलक्या वस्तूंना क्रोशे विशेष सोयीचे होते.

दिलमों यांचे क्रोशाचे प्रकरण मात्र तयार वस्तूंची यादी नव्हे. त्यांचा भर टाक्यांवर आहे. साखळी, मुका खांब, अर्धा खांब व खांब हे मूळ टाके समजावल्यावर त्या एकाच टाक्याची नाना रूपे दाखवतात. आकडा मागील ओळीच्या पुढच्या धाग्यातून घातला, मागच्या धाग्यातून घातला किंवा दोन्हींतून घातला, तर पोत बदलतो. काम उलटून परत फिरले किंवा दोरा तोडून दर ओळ एकाच बाजूने सुरू केली तरी तो बदलतो. त्यापुढे लेसच्या किनारी, चौकोन, चादरी आणि लांब आकड्यावर करावयाचे ट्युनिशियन क्रोशे येते. टोपड्याचा एकच नमुना पाठ करण्यापेक्षा गोल कसा वाढवायचा हे समजलेली स्त्री कोणत्याही मापाचे टोपडे करू शकते. ही दृष्टी आजच्या अनेक नमुना-पुस्तकांतही आढळत नाही.

साहित्याविषयीच्या सूचनाही नेमक्या आहेत. आकड्याचे टोक फार अणकुचीदार नसावे व आतील बाजू गुळगुळीत असावी, नाहीतर दोरा फाटतो. प्रत्येक नमुन्यासोबत दोऱ्याचा प्रकार व क्रमांक दिलेला आहे. तांबड्या रंगासाठी 'तुर्की लाल' या पक्क्या रंगाच्या दोऱ्याची शिफारस वारंवार येते. वारंवार धुवाव्या लागणाऱ्या कपड्यांसाठी रंग न सुटणे ही चैन नव्हे, गरज होती.

याच ठिकाणी ग्रंथाची व्यापारी बाजूही उघड होते. सुचवलेले बहुतेक सर्व दोरे डीएमसीचेच आहेत. शिकण्यासाठी शिक्षिकेवरचे अवलंबन संपले, पण त्या जागी एका पेढीच्या मालाची सवय लागली. ग्रंथ स्वस्त ठेवून दोरा खपवण्याचे धोरण कमालीचे यशस्वी ठरले. तरीही क्रमांक ठरलेले असल्यामुळे दूरच्या गावातील स्त्रीलाही चित्राबरहुकूम माप मिळू लागले, हे मान्य करावे लागते.

व्यवसाय

दिलमों यांनी युरोपातील प्रमुख शहरांत स्वतःच्या नावाची दुकाने काढली. तेथे नमुने, दोरे व अर्धवट आखून दिलेली कामे मिळत. फुलीच्या टाक्यांची वर्णमाला, मॅक्रमे आणि इजिप्तमधील कॉप्ट लोकांच्या वस्त्रांवरील नक्षी अशा विषयांवरील संग्रहही त्यांच्या नावाने निघाले. ज्या काळात विवाहित स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्कांवर युरोपातील बहुतेक देशांत कायद्याची बंधने होती, त्या काळात एका स्त्रीचे नाव अनेक देशांत व्यापारी चिन्हासारखे चालणे ही लहान गोष्ट नव्हती.

मृत्यू आणि नावाचा वारसा

ज्ञानकोश प्रसिद्ध झाल्यानंतर चारच वर्षांनी, २२ मे, १८९० रोजी, वयाच्या ४३व्या वर्षी दिलमों यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर काम पुढे नेले ते त्यांच्या भाचीने. तिचेही नाव तेरेझ द दिलमों असेच होते. पेढीच्या दृष्टीने हे सोयीचे ठरले, कारण मुखपृष्ठावरील नाव बदलावे लागले नाही. अभ्यासकांची मात्र त्यामुळे पंचाईत झाली. विसाव्या शतकात निघालेल्या डीएमसी ग्रंथमालेतील पुस्तके मूळ लेखिकेच्या हयातीतील नमुन्यांवर कितपत आधारलेली आहेत आणि त्यांतील भाचीचे स्वतःचे काम किती, हे केवळ मुखपृष्ठावरून ठरवता येत नाही. दोघींच्या कामाची सरमिसळ ग्रंथालयांच्या सूचींतही आढळते.

ज्ञानकोशाच्या इंग्रजी आवृत्तीवरील स्वामित्वहक्क संपला असून ती आंतरजालावर विनामूल्य वाचता येते. भारतात, महाराष्ट्रातील शहरांतही, भरतकामाच्या दुकानांत डीएमसीच्या लडी आजही रंगक्रमांक सांगून विकत घेतल्या जातात.