२२ व्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता, पण अख्ख्या अमेरिकेला समुद्र यांनीच समजावला

समुद्रावर काम करणारी शास्त्रज्ञ म्हटलं की वाटतं, हिचं लहानपण किनाऱ्यावरच गेलं असणार. रेचल कार्सन यांचं तसं नव्हतं.

त्यांचा जन्म २७ मे १९०७ चा, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेलमध्ये. घरची परिस्थिती बेताची. लेखिका व्हायचं म्हणून कॉलेजला इंग्रजी घेतलं, पण मधेच जीवशास्त्राची गोडी लागली आणि विषय बदलला. १९२९ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच उन्हाळ्यात वूड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत जायची संधी आली. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो तिथे.

१९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एमए झालं. पुढे पीएचडी करायची होती, पण काळ होता महामंदीचा. पैशांअभावी १९३४ मध्ये शिक्षण सोडावं लागलं. पुढच्याच वर्षी वडील गेले. घर चालवायचं कसं, हा प्रश्न आता त्यांच्यापुढे होता.

अशात सरकारी मत्स्य विभागात तात्पुरतं काम मिळालं. विभागाला समुद्री जीवांवर रेडिओ कार्यक्रम करायचा होता. सात मिनिटांचा एक, असे ५२ भाग. त्यासाठी शास्त्र कळणारा आणि सोपं लिहिणारा माणूस हवा होता. रेचल यांना दोन्ही जमत होतं.

खरी गंमत पुढे झाली. साहेब एल्मर हिगिन्स यांनी त्यांना सरकारी पुस्तिकेसाठी प्रस्तावना लिहायला सांगितली. वाचल्यावर त्यांनी ती नाकारली. कारण? सरकारी पुस्तिकेसाठी ती जरा जास्तच चांगली होती! अटलांटिक मासिकाकडे पाठवा, असं त्यांनी सुचवलं. सप्टेंबर १९३७ मध्ये ती तिथे छापून आली.

तोवर परीक्षा देऊन १९३६ मध्ये त्या विभागात कायम झाल्या होत्या. अशा पदावर आलेल्या त्या दुसऱ्याच महिला. १९३७ मध्ये बहीण वारली आणि दोन भाच्यांची जबाबदारीही आली. दिवसा ऑफिस, उरलेल्या वेळात लिखाण. वर्तमानपत्रात नाव द्यायच्या आर. एल. कार्सन, म्हणजे लेखक पुरुष आहे असं वाटावं.

नोव्हेंबर १९४१ मध्ये पहिलं पुस्तक आलं. महिनाभरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला, अमेरिका युद्धात उतरली आणि पुस्तकाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. त्यांनी नोकरी सोडली नाही. युद्धात मांसाची टंचाई होती, तेव्हा लोकांनी फारसे न खाल्ले जाणारे मासेही खावेत म्हणून सरकारी पुस्तिका लिहिल्या.

यश आलं १० वर्षांनी. १९५१ चं ‘द सी अराउंड अस’ न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत ८६ आठवडे राहिलं. १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्णवेळ लेखन सुरू केलं.

१९६२ मध्ये डीडीटीसारख्या कीटकनाशकांवरचं ‘सायलेंट स्प्रिंग’ आलं. या तर समुद्राच्या अभ्यासक, यांना रसायनांतलं काय कळतं, अशी टीका झाली. कॅन्सरशी झुंजत त्यांनी उत्तरं दिली. १४ एप्रिल १९६४ ला त्या गेल्या. १९७२ मध्ये अमेरिकेने शेतीतल्या डीडीटीवर बंदी घातली.

अवघड शास्त्र सामान्य माणसाला सांगायचा सराव मात्र त्यांनी खूप आधी केला होता. रेडिओच्या त्या ५२ भागांमध्ये.