व्यापारी आणि शेतकरी जोतीराव

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनाखाली जोतीराव फुले यांनी स्वतःची ओळख लिहिली, ती व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी. पत्ता दिला पेठ जुना गंज, पुणे. तोवर भिडे वाड्यातल्या शाळेला ३४ वर्षे झाली होती, सत्यशोधक समाज उभा राहिला होता, 'गुलामगिरी' छापून आली होती. तरीही आधी त्यांनी आपला धंदा सांगितला.

आपण दरवर्षी जयंतीला क्रांतीबा म्हणून त्यांची मिरवणूक काढतो. पण चळवळीला पैसा कुठून आला, घर कशावर चालले, हे फारसे विचारत नाही. त्यांचे आयुष्य एकदा या बाजूनेही वाचायला हवे.

जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या काळात पुण्यात फुलांचा व्यवसाय केल्यामुळे लोक त्यांना फुले म्हणू लागले. म्हणजे आडनावच धंद्यातून आलेले. वडील गोविंदराव फुले-भाजीचा व्यापार आणि शेती पाहत. ११ एप्रिल १८२७ रोजी जन्मलेल्या जोतीरावांचे शिक्षण मध्येच थांबले, तेव्हा त्यांनी बापाबरोबर मळ्यात काम केले. पुढे ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले.

१८४० मध्ये नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचे लग्न झाले. १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली आणि वर्षभरात समाजाच्या दबावामुळे गोविंदरावांनी दोघांना घराबाहेर काढले. वडिलांचे दुकान आणि मळा यांचा आधार तुटला. काही वर्षे जोतीरावांनी मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवले. पण ते पगारावर विसंबून राहिले नाहीत. धातूचे ओतकाम करणाऱ्यांना लागणारे साचे विकण्याची एजन्सी घेतली, सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली. खडकवासल्याच्या धरणाचे काम चालू असताना त्यांनी तिथे बांधकामाचा माल पुरवला. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीशी त्यांचे नाव जोडलेले आहे. पुण्याजवळ मांजरी येथे त्यांनी मोठी शेती केली.

कंत्राटदारीत त्यांना मजुरांचे जगणे जवळून दिसले. बांधकाम खात्यातला कारकून आणि इंजिनिअर कुठे हात मारतो, अडाणी मजूर कसा नाडला जातो, हे त्यांनी कामावर उभे राहून पाहिले. त्यांच्या लिखाणातला नोकरशाहीवरचा राग तिथूनच आला आहे. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये कर्ज आणि शेतसाऱ्याच्या जोडीला बांध घालणे, पाणी जमिनीत मुरवणे, कालव्याचे पाणी वेळेवर आणि मोजून देणे यांचाही विचार आहे. स्वतः मातीत हात घातलेल्या माणसाचे हे पुस्तक आहे.

कमाई स्वतःची असल्यामुळे बोलण्याचे स्वातंत्र्यही स्वतःचे होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून नगरपालिकेने स्वागताला हजार रुपये खर्च करायचे ठरवले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असे म्हणत विरोधात उभे राहिले ते एकटे जोतीराव. नोकरी जाईल ही भीती असती तर हे जमले असते का?

घरातला माणूस म्हणूनही ते तितकेच पक्के होते. मूल नाही म्हणून दुसरे लग्न करावे, हा आग्रह त्यांनी मानला नाही. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी १८६३ मध्ये घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तिथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, या जोडप्याने दत्तक घेतले, मृत्युपत्र करून वारस नेमले, डॉक्टर केले. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७७ च्या दुष्काळात सावित्रीबाईंसह मुलांना जेवू घातले. व्यवहार बाहेरचा असो की घरचा, हिशेब माणुसकीचा होता.

या धंद्यातून त्यांनी इस्टेट मात्र उभी केली नाही. १८८८ मध्ये अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहिले. शेवटच्या काळात घरात इतकी चणचण होती की मामा परमानंदांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे मदतीसाठी पत्र लिहावे लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. आयुष्यभर त्यांनी जे कमावले ते चळवळीत गेले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जोतीराव माळी होते. त्यांच्या हातची भाजी कुणी नाकारत नव्हते. आपल्या लोकांना बाजारात तेवढीही जागा नव्हती. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले तेव्हा सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. खुद्द शाहू महाराज तिथे चहा घ्यायला थांबू लागले, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. धंदा करा असे नुसते सांगून भागत नाही. भांडवल, गाळा आणि गिऱ्हाईक या तिन्ही ठिकाणी जात आडवी येते, आजही येते.

म्हणूनच हा विषय एकेकट्या तरुणावर सोडून चालणार नाही. नंदुरबार जिल्ह्यात मी काम करते. इथे मिरचीच्या पथारीवर, ऊसतोडीला, गुजरातच्या कामांवर राबणारे हात आदिवासींचे आणि आपलेच आहेत. मुकादम आणि व्यापारी बहुधा दुसरे कुणी. वस्तीतली मुले पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांत वर्षे घालवतात आणि जागा निघत नाहीत. त्यातला एखादा सेंट्रिंगचे काम घेतो, मंडप टाकतो, मसाल्याची गिरणी लावतो, तर आपण त्याला अपयशी समजतो. खरे तर पहिले काम त्याला आपणच द्यायला हवे. जयंतीचा मंडप, विहाराचे बांधकाम, लग्नातले जेवण, या सगळ्यावर आपण पैसा खर्च करतोच. तो कुणाच्या हाती जातो आणि त्याच्याकडचा मजूर पूर्ण मजुरी घेऊन घरी जातो का, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारले पाहिजेत.

बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीरावांना गुरू मानले. तथागतांनी सांगितलेल्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहेच. कष्टाने कमवावे, कुणाला लुबाडू नये, आणि कमाईतला वाटा समाजाला द्यावा, हे जोतीरावांनी साठीच्या आसपास संपलेल्या एका आयुष्यात करून दाखवले. यंदा त्यांच्या जयंतीला भाषणांच्या यादीत वस्तीतल्या छोट्या धंदेवाल्यांचेही नाव घाला, आणि मंडपाचे काम त्यांच्यापैकीच एकाला द्या.