संगीतसूर्य केशवराव भोसले
कोल्हापुरात ९ ऑगस्ट १८९० रोजी जन्मलेल्या केशवरावांनी बालवयातच रंगभूमीवर पदार्पण केले. १९०८ मध्ये त्यांनी 'ललितकलादर्श' ही नाटक मंडळी स्थापन केली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'संयुक्त मानापमान' रंगले. प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक त्यासाठी एकत्र आले. केशवराव धैर्यधर, तर बालगंधर्व भामिनी झाले. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवरावांचे अकाली निधन झाले.
शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेल्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ही वास्तू आगीत भस्मसात झाली. पुनर्उभारणीसाठी शासनाने निधी जाहीर केला. देशकार्याच्या निधीसाठी गायलेल्या या कलावंताच्या वास्तूसाठी निधी उभा करणे, हे समाजाने फेडावयाचे ऋणच होय.