इमाम तबरी : कटू इतिहास जपणारे आलिम

रमजानच्या 21 तारखेला हजरत अली (र.) यांचे स्मरण केले जाते. हिजरी 40, म्हणजे इ.स. 661 मध्ये कुफा शहरात पहाटेच्या वेळी त्यांच्यावर विषारी तलवारीचा वार झाला. मारेकरी परका नव्हता. तोही कलमा पढणाराच होता. ही दुःखद हकीकत आज तपशिलाने वाचता येते, याचे मोठे श्रेय इमाम तबरी यांना जाते.

मुहम्मद इब्न जरीर तबरी यांचा जन्म इ.स. 839 च्या सुमारास आजच्या इराणमधील आमुल येथे झाला. सातव्या वर्षी कुराण मुखोद्गत झाले. बाराव्या वर्षी ज्ञानासाठी घर सोडले. इमाम अहमद इब्न हंबल यांच्याकडे शिकण्याच्या ओढीने ते बगदादला गेले. पण त्याआधीच इमामसाहेबांचा इंतकाल झाला होता. मग बसरा, कुफा, शाम, मिसर असा प्रवास घडला. एकदा घरचे पैसे वेळेवर आले नाहीत, तेव्हा अंगरख्याच्या बाह्या विकून त्यांनी गुजराण केली, असे सांगतात.

बगदादला स्थायिक होऊन त्यांनी कुराणावरील विशाल भाष्य आणि जगाच्या उत्पत्तीपासून इ.स. 915 पर्यंतचा इतिहास लिहिला. त्यात हजरत उस्मान (र.) यांची हत्या आहे, हजरत आयेशा (र.) आणि हजरत अली यांच्या फौजा समोरासमोर आलेली जमलची लढाई आहे, करबला आहे. परस्परविरोधी हकीकतीही शेजारीशेजारी आहेत, आणि कोणी कोणाकडून ऐकले याची साखळीही. काही मजकूर गाळला, तिथे तशी नोंद केली. एखादी गोष्ट खटकली, तर ती आपल्या पदरची नाही, जशी मिळाली तशी पुढे दिली आहे, असे त्यांनी प्रस्तावनेतच स्पष्ट केले.

त्यांनी काझीपद नाकारले आणि वडिलोपार्जित जमिनीच्या उत्पन्नावर साधेपणाने जगले. मतभेदांमुळे विरोधकांनी त्यांच्या दारावर दगडफेकही केली. इ.स. 923 मध्ये ते वारले. दफन घरातच झाले.

हा इतिहास कोणा विरोधकाने नव्हे, कुराणाच्या भाष्यकाराने लिहिला. लिहिण्याची जबाबदारी तबरींनी पार पाडली. वाचून, पारखून समजून घेण्याची जबाबदारी प्रथम श्रद्धावानांचीच आहे. शेजाऱ्याने उद्या या लढायांविषयी विचारले, तर रागावण्याऐवजी किंवा विषय टाळण्याऐवजी, माहीत असलेले शांतपणे सांगता यायला हवे.