बिअर का बिघडली? डिबगिंगचे जुने उस्ताद लुई पाश्चर



फोन हँग झाला की आपण काय करतो? रीस्टार्ट. नाही जमलं तर कॅशे क्लिअर, मग दोन-चार ॲप अनइन्स्टॉल आणि शेवटी फॅक्टरी रीसेट. फोन सुरू होतो, पण नेमकं बिघडलं काय होतं ते कळतच नाही. आठवड्याने परत तेच रडगाणं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असूनही हेच करायचो. ही सवय मोडली ती बिघडलेल्या बिअरमुळे आणि सव्वाशे वर्षांपूर्वीच हे जग सोडून गेलेल्या एका माणसामुळे.

आमची आंबट बॅच

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मी सहा महिने इंग्लंडमध्ये होतो. तिथे स्वतःपुरती बिअर घरी बनवायला परवाना लागत नाही. (आपल्याकडे परवान्याशिवाय बनवणं गुन्हा आहे, तेव्हा इथे प्रयोग नको!) रूममेटने एक किट आणलं. त्यात घट्ट माल्टचा डबा आणि यीस्टची पुडी होती. सोबत खाली तोटी असलेला २३ लिटरचा सेकंडहँड प्लास्टिकचा ड्रम घेतला. महिनाभराने बाटल्या उघडल्या तर बिअर आंबट ढाण!

दुसऱ्या वेळी आम्ही यीस्ट बदललं, साखर बदलली, ड्रम हीटरजवळ ठेवला. सगळं एकदम. तरी आंबटच. मग किटच खराब आहे असा निकाल देऊन आम्ही मोकळे झालो.

त्याच दिवसांत मी फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्याबद्दल वाचत होतो. शाळेत आपल्याला ते रेबीजची लस आणि दूध यापुरतेच भेटतात. पण त्यांचं सूक्ष्मजीवांचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं ते आमच्यासारख्याच एका आंबट बॅचपासून.

चामडं कमावणाऱ्याचा मुलगा

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधल्या डोल या गावी झाला. वडील चामडं कमावण्याचं काम करायचे. लुई लहानपणी चित्रं सुंदर काढायचे, अभ्यासात मात्र फार चमकले नव्हते. पुढे ते पॅरिसला शिकले. १८४८ मध्ये त्यांनी एका आम्लाच्या क्षाराचे बारीक स्फटिक चिमट्याने वेगळे केले. काही स्फटिक डाव्या हाताचे, काही उजव्या हाताचे, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिमा. वरून सारखं दिसणाऱ्या दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या आणि फरक शोधायचा, ही नजर त्यांना तिथेच आली.

लीलचा बग

१८५४ मध्ये ते उत्तर फ्रान्समधल्या लील शहरात विज्ञान शाखेचे डीन झाले. वय ३१. दोन वर्षांनी बिगो नावाचे एक कारखानदार त्यांच्याकडे आले. त्यांचा मुलगा पाश्चर यांचा विद्यार्थी होता. बिगो बीटच्या रसापासून अल्कोहोल बनवायचे, आणि त्यांच्या काही टाक्या आंबट होऊन वाया जात होत्या. रस तोच, कारखाना तोच, माणसं तीच. तरी एक टाकी चांगली आणि दुसरी खराब.

तेव्हाचे नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ, विशेषतः जर्मनीचे लीबिग, आंबण्याची क्रिया म्हणजे पदार्थाचं नुसतं रासायनिक विघटन आहे असं मानायचे. यीस्ट जिवंत आहे की नाही याला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हतं.

पाश्चर यांनी चांगल्या आणि खराब, दोन्ही टाक्यांतले नमुने घेतले आणि मायक्रोस्कोपखाली पाहिले. चांगल्या टाकीत यीस्टच्या गोलसर पेशी. खराब टाकीत मात्र त्यांच्याहून खूप लहान, काडीसारखे जीव, आणि रसात लॅक्टिक आम्ल. दही आंबट करणारं हेच ते आम्ल. म्हणजे अल्कोहोल बनवणारा जीव वेगळा आणि रस आंबवणारा वेगळा. टाकीत घुसखोर आला होता! १८५७ मध्ये त्यांनी लॅक्टिक आंबवण्यावर निबंध वाचला. जंतूंमुळे रोग होतात या पुढच्या सगळ्या विचाराची मुळं इथे आहेत.

आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी चालणारा बिल्ड आणि फेल होणारा बिल्ड शेजारी ठेवून फरक काढला.

पॅच आणि मूळ कारण

१८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्यांना वाइन का बिघडते ते शोधायला सांगितलं. पाश्चर यांनी वाइन साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली. घुसखोर मरतात, वाइन टिकते. १८६५ मध्ये पेटंटही घेतलं. आज दुधाच्या पिशवीवर आपण पाश्चराइज्ड वाचतो ते याच पद्धतीचं नाव.

पण हा काळ घरी फार वाईट होता. १८५९ ते १८६६ या सात वर्षांत त्यांच्या तीन मुली गेल्या, त्यातल्या दोघी टायफॉइडने. १८६८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. तरी काम थांबलं नाही.

१८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स जर्मनांकडून हरला. पाश्चर कट्टर देशभक्त. जर्मन बिअरपेक्षा सरस फ्रेंच बिअर बनली पाहिजे, या जिद्दीने ते बिअरकडे वळले. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला बिअर आवडत नव्हती!

सप्टेंबर १८७१ मध्ये ते लंडनच्या व्हिटब्रेड ब्रूअरीत गेले. तिथल्या पोर्टर बिअरचं यीस्ट मायक्रोस्कोपखाली पाहून त्यात भेसळ असल्याचं सांगितलं. कंपनीने तोवर दुसरीकडून नवीन यीस्ट मागवलंच होतं. पाश्चर यांनी तेही तपासलं, ते बरंच शुद्ध निघालं. आठवडाभरात कंपनीने स्वतःचा मायक्रोस्कोप विकत घेतला.

१८७६ मध्ये त्यांचं बिअरवरचं पुस्तक आलं. मुख्य मुद्दा असा: बिघडल्यावर उपाय शोधण्यापेक्षा घुसखोराला आतच येऊ देऊ नका. उकळलेला रस थंड होताना त्याला बाहेरच्या हवेतली धूळ लागू देऊ नका आणि शुद्ध यीस्टच वापरा. तापवणं हा पॅच, वाट बंद करणं हा खरा फिक्स.

तरी एक बग त्यांच्या नजरेतून सुटला. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी दाखवलं की यीस्टमध्येही घुसखोर असतात. जंगली यीस्ट मायक्रोस्कोपखाली चांगल्या यीस्टसारखंच दिसतं. हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून तो प्रश्न सोडवला.

लॉग खोटं बोलत नाही

पुढे १८८१ मध्ये पाश्चर यांनी मेंढ्यांवर अँथ्रॅक्सच्या लशीचा जाहीर प्रयोग केला. एका गटाला लस, दुसऱ्याला नाही. पुन्हा तीच शेजारी ठेवायची पद्धत. प्रयोग गाजला. १८८५ मध्ये नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला रेबीजची लस दिली आणि तो वाचला. १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे काम केलेले हाफकिन पुढे मुंबईत आले आणि १८९७ मध्ये त्यांनी प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी वारले.

त्यांच्या मागे प्रयोगाच्या शंभराहून अधिक वह्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या अभ्यासकांना वाचायला मिळाल्या, तेव्हा एक नकोसं सत्य बाहेर आलं. मेंढ्यांना दिलेली लस हवेच्या संपर्काने कमजोर केलेली आहे असा लोकांचा समज त्यांनी होऊ दिला होता. प्रत्यक्षात ती सहकाऱ्याने रसायन वापरून बनवलेली होती. यामुळे त्यांचं काम खोटं ठरत नाही, पण देवत्व मात्र कमी होतं. मला मात्र एका गोष्टीचं कौतुक वाटतं. रिलीज नोट्समध्ये जे लपवलं, ते लॉगमध्ये त्यांनी खरं लिहून ठेवलं होतं.

आणि आमचा ड्रम?

हे वाचून मी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला विचारलं. त्याने तेच किट वापरलं होतं आणि त्याची बिअर छान झाली होती. म्हणजे किट निर्दोष. मग फरक कशात? आम्ही कागदावर दोन रकाने केले. पाणी तेच, माल्ट तोच, यीस्ट तेच. त्याचा ड्रम नवा, आमचा जुना. तोटी खोलली तर आत बुळबुळीत थर! दोन्ही वेळा सगळं बदललं, पण घुसखोर जिथे राहत होता ती तोटी तशीच होती. नवी तोटी बसवली, बाकी काहीही बदललं नाही. तिसरी बॅच चांगली झाली.

पुढच्या वेळी फोन अडला तर लगेच रीसेट करू नका. आधी सेफ मोडमध्ये सुरू करा. तिथे तुम्ही टाकलेली ॲप बंद असतात. फोन तिथे नीट चालला तर घुसखोर एखादं ॲपच असण्याची शक्यता मोठी. मग एका वेळी एकच ॲप काढा आणि काय केलं ते लिहून ठेवा. पाश्चर यांनी टाक्यांशी जे केलं, ते तुम्ही खिशातल्या फोनशी करताय, एवढंच!